कुशीवरचा हुकूम

महाराष्ट्रात सरकारी नोकरी हवी असेल तर उमेदवाराला लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र भरून द्यावं लागतं. 28 मार्च 2006 ला किंवा त्यानंतर तिसरं मूल झालं असेल, तर नोकरी नाही. ग्रामपंचायतीलाही तेच. सप्टेंबर 2001 मधल्या ठरलेल्या तारखेनंतर तिसरं अपत्य जन्मलं की उमेदवारी बाद, निवडून आला असाल तर पद गेलं. आणि याच महाराष्ट्रात, नागपुरात, 1 डिसेंबर 2024 रोजी सरसंघचालक मोहन भागवत यांनी सांगितलं की समाज टिकवायचा असेल तर किमान तीन मुलं हवीत. त्याआधी ऑक्टोबरमध्ये चंद्राबाबू नायडू आंध्रात म्हणाले होते की दोनपेक्षा जास्त मुलं असतील त्यांनाच स्थानिक निवडणूक लढवता येईल, असा कायदा करायचा विचार आहे. चेन्नईत सामुदायिक विवाहाच्या मांडवात स्टालिन यांना लोकसंख्येवर ठरणाऱ्या लोकसभेच्या जागांची चिंता लागली आणि त्यांनी थेट सोळा मुलांचा विषय काढला. आंध्रने तर महिन्याभरात दोन अपत्यांची अट पुसूनही टाकली.

बाईने ऐकायचं कुणाचं? एका खिडकीवर तिसऱ्या मुलाची शिक्षा, दुसऱ्या मंचावरून तिसऱ्या मुलाची मागणी. आणि दोन्ही ठिकाणी बोलणारा पुरुषच.

मला राग मुलं कमी की जास्त याचा नाही. राग आहे तो हुकमाचा. 1976 साली आणीबाणीत याच राज्याच्या विधिमंडळाने तीन मुलं झालेल्या जोडप्यातल्या एकाची सक्तीने नसबंदी करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्याच्या पुस्तकात आलं नाही. तेव्हा देश बुडत होता जास्त मुलांनी, आता बुडतोय कमी मुलांनी. दोन्ही वेळा देश वाचवायची जबाबदारी एकाच ठिकाणी टाकली गेली, बाईच्या ओटीपोटात.

आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 दरम्यान, महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर 1.7 निघाला. म्हणजे एका बाईला आयुष्यभरात सरासरी पावणेदोन मुलंही नाहीत. गोव्यात 1.3. लोकसंख्या आहे तेवढी राहायला 2.1 लागतो. हे घडवलं कुणी? कायद्याने? पंचायतीच्या अटीने? त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी 49 टक्के जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली दिसते. नवऱ्याने नसबंदी केलेल्या किती? शंभरात एकही नाही, अर्धीही नाही. पुरुषाची नसबंदी सोपी, बिनटाक्याची, त्याच दिवशी घरी जाता येतं. पण टेबलावर गेली बाई. दोन बाळंतपणं सोसून, तिसऱ्यांदा पोट उघडायला तीच. आणि आता तिलाच ऐकवलं जातंय की तुझ्यामुळे समाज आटतोय.

या मातीत एक माणूस होऊन गेला, त्याला हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या पायी प्राध्यापकी गेली. 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं ते मरेपर्यंत, 1953 पर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे 1938 मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. कर्व्यांचं म्हणणं सरळ होतं: मूल हवं की नको, हवं तर कधी, हे बाईला ठरवता आलं पाहिजे. ‘समाजस्वास्थ्य’ बंद पडायच्या आदल्या वर्षी, 1952 मध्ये, सरकारने कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात मुलांची संख्या घेतली, बाईचं ठरवणं मात्र बाहेर ठेवलं. तेव्हापासून कोटा आहे, टार्गेट आहे, शिबिर आहे, प्रतिज्ञापत्र आहे. तिला विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही.

आता जिला एकच मूल आहे, किंवा एकही नाही, अशा तिशी-पस्तिशीतल्या बाईकडे येऊ. तिच्यावर हल्ली सगळ्यांचा डोळा आहे. करिअरवेडी, चैनी, संस्कार विसरलेली, मुलाऐवजी कुत्रा पाळणारी. लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये तिला विचारलं जातं, गोड बातमी कधी? एक झालं असेल तर, दुसऱ्याचं काय, एकटं पडेल ना ते. कुणाचं पोट कितीदा रिकामं झालंय, कुणाच्या घरी आयव्हीएफचे हप्ते चालू आहेत, कुणाचा नवरा डॉक्टरकडे यायलाच तयार नाही, याची विचारपूस कुणी करत नाही.

एखाद्या संध्याकाळी पुण्यात किंवा ठाण्यात कुठल्याही खासगी पाळणाघरात जाऊन बसा. बहुतेक ती एखाद्या काकूंची दोन खोल्यांची जागा असते. खाली सतरंजी, भिंतीला अक्षरांचे तक्ते, कोपऱ्यात नावं लिहिलेल्या डब्यांची रांग. साडेसहापर्यंत बरीचशी मुलं गेलेली असतात. सातला दोन उरतात. साडेसातला एक. त्या एकाला काकूंनी बूट घालून, वेणी घालून, दप्तर पाठीला लावून तयार ठेवलेलं असतं. ते दाराशी उभं. खाली रिक्षा थांबली की जिन्याकडे धावतं, पावलं दुसऱ्याच मजल्यावर वळली की परत येतं. मग आई येते, धापा टाकत. पहिलं वाक्य मुलाशी नसतं, काकूंशी असतं: सॉरी काकू, मीटिंग लांबली. काकू चांगल्या असतात, काही म्हणत नाहीत. वरच्या तासाचे पैसे महिन्याच्या बिलात लागतात.

सॉरी म्हणायला बाप आलेला मी फार क्वचित पाहिला आहे.

त्या बाईला दुसरं मूल का नको, हे समजायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली, चांगलं झालं. पण तो सगळा पगार मालकाच्या खिशातून जातो, सरकार त्यात सहसा काही घालत नाही. म्हणून मुलाखतीत नवीन लग्न झालेल्या मुलीला आडून आडून विचारलं जातं, पुढचं काय प्लॅनिंग? पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी असंही कायदा सांगतो. तुमच्या ऑफिसात आहे? आणि दोन मुलं हयात असताना तिसरं झालं, तर 26 आठवड्यांचे 12 होतात. म्हणजे तिसऱ्या मुलाला मंचावर टाळ्या आणि कायद्यात निम्म्याहून कमी रजा.

ही झाली पगाराची पावती मिळणाऱ्या बायकांची गोष्ट. घरकाम करणारी, भाजी विकणारी, बिगारी, शिवणकाम घरी आणून करणारी, हिला रजाच नाही. पहिल्या बाळाला केंद्राच्या मातृवंदना योजनेत 5,000 रुपये, तेही हप्त्यांत, कागद पुरे झाले तर. तिचं मूल अंगणवाडीत असतं ते काही तास. दुपारी अंगणवाडीला कुलूप लागतं, हिची कामं संध्याकाळी सुटतात. मधले तास ते मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर काढतं आणि त्या बहिणीची शाळा बुडते. पूर्वी हे तास आजी सांभाळायची. आजी आता गावी आहे, किंवा आजीच अजून चार घरची भांडी घासते आहे.

गावाकडे वेगळंच चित्र आहे, आणि तिथे गप्प राहणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मोर्चा काढला. डोक्याला बाशिंग, काही जण घोड्यावर, पुढे बँड, आणि वरात गेली ती कलेक्टर कचेरीवर. मुली मिळत नाहीत, मिळवून द्या. सगळ्यांनी हसून बातमी पाहिली. त्यांच्या मागण्यांत गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा हीसुद्धा मागणी होती, ती फार कुणी वाचली नाही.

मुली मिळत नाहीत कारण त्या जन्मू दिल्या नाहीत. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. तरीही 2001 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे 913 मुली होत्या, त्या 2011 मध्ये 894 वर आल्या. बीड जिल्ह्यात 807. त्या दहा वर्षांत सोनोग्राफीचं यंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं. जीपमध्ये बसून, रात्री, गुपचूप. वंशाचा दिवा हवा म्हणून ज्या आज्यांनी, आयांनी, बापांनी ते केलं, त्यांच्याच घरात आज तो दिवा लग्नाच्या वयाचा झालाय. त्याला शेती आहे, बुलेट आहे, स्लॅबचं घर आहे. बायको नाही. ज्या मुली वाचल्या, त्या शिकल्या, आणि त्यांनी सांगितलं की शेतकरी नवरा नको. त्यांना नाव ठेवायचा अधिकार मला वाटत नाही कुणाला आहे. आईची आयुष्यभराची धुणी, शेण, सरपण, सासूची बोलणी त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत.

त्याच बीडमध्ये दुसऱ्या टोकाचं काय चाललंय तेही ऐका. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटा पोरगा असेल तर अर्धा कोयता, उचलही अर्धी. म्हणून दिवाळीत टोळ्या निघायच्या आधी लग्नं उरकतात, पोरगी नववी-दहावीत असली तरी. राज्यात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे; बीडमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त. विशीच्या आत दोन मुलं. फडात संडास नाही, पाळीला आडोसा नाही, एक दिवस बसली तर खाडा, पैसे कापले. दुखायला लागलं की डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाक. 2019 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने जिल्ह्यातल्या 82,000 हून अधिक ऊसतोड बायकांची माहिती घेतली. तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि त्यात तिशी-पस्तिशीतल्या बायाही होत्या.

ज्यांना समाजाच्या घटत्या संख्येची एवढी काळजी आहे, त्यांनी ही पिशवी मोजली का? इथे कुणी सभा घेतली? तिसरं मूल हवं म्हणणाऱ्यांच्या तोंडी ही बाई येत नाही, कारण तिची कूस कुणाच्याच हिशोबात नाही. कारखान्याची साखर तेवढी हिशोबात आहे.

या सगळ्यात कुटुंब बदलतंय हे खरं, आणि त्यात काही हरवतंय हेही खरं. मी ते नाकारणार नाही, कारण मलाही ते खुपतं. आईबाप दोघंही एकुलते असले, की त्यांच्या मुलाला मामा नाही, मावशी नाही, काका नाही, आत्या नाही. आपले विधी तर या माणसांवरच उभे आहेत. बारशाला कानात नाव सांगायला आत्या लागते. जावळ काढायला मामाची मांडी लागते. मुलीला बोहल्यावर आणायला मामा, जावयाचा कान पिळायला नवरीचा भाऊ, आणि मिरवायला करवली. हल्ली लग्नात गुरुजी हाक मारतात, मुलीचे मामा कुठे आहेत? आणि दोन क्षण मांडवात चुळबुळ होते. मग आईचा ऑफिसातला मित्र पुढे होतो, किंवा शेजारचे काका. कान पिळायला नवरीची मैत्रीण उभी राहते आणि चांगला घसघशीत पिळते.

मला ते आवडतं. नाती रक्ताचीच असावीत असा हट्ट धरणाऱ्यांना संस्कृती कळलेलीच नाही. मानलेला भाऊ, मानलेली बहीण, गुरुभाऊ, दुधाचं नातं हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहे. वारीत दिंडीतली बाई दिंडीतल्या दुसऱ्या बाईची मावशी होते ती काही जन्मदाखला बघून नाही. संस्कृती वाचवायला दर घरी तीन मुलं लागत नाहीत, दारं उघडी लागतात. आपण मात्र दारं बंद करत चाललो. भाड्याने घर देताना जात विचारतो. एकटी बाई मूल दत्तक घेते म्हटलं की सोसायटीत कुजबूज. घटस्फोटित मैत्रिणीच्या मुलाच्या मुंजीला जायचं की नाही यावर घरात चर्चा. आणि वर एकटेपणाबद्दल व्याख्यानं ठेवायची.

वृद्धांचं एकटेपण मात्र खरंखुरं संकट आहे. कोकणात चला. 2001 ते 2011 या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. 2011 मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या, कारण बाप्ये मुंबईत. आता त्या बायका म्हाताऱ्या झाल्यात. वाडीत दहा घरं, सहाला कुलूप, ते उघडतं गणपतीत. पण नीट बघा: या घरांत मुलं कमी जन्मली म्हणून कुलूप लागलं नाही. पाच-पाच मुलांची घरं आहेत ही. पाचही जण विरार-डोंबिवलीला. मुलांची संख्या वाढवून म्हातारपणाची काठी मिळते, हा भ्रम कोकणाने केव्हाच मोडीत काढलाय. तिथे लागतोय तालुक्याला डॉक्टर, वेळेवर एसटी आणि घरापर्यंत येणारी औषधं.

शाळांचंही तेच. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या सरकारी शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात होत्या, आणि त्याच वर्षी त्यांच्या समूह शाळा करायचं सरकारने काढलं. पट घटायला जन्मदर हे एक कारण, गाव सोडणं दुसरं, आणि मास्तरांची रिकामी पदं आणि इंग्रजी शाळेची पिवळी बस ही तिसरी-चौथी. वाडीवरची शाळा बंद केली की ज्या दोन जोडप्यांनी गावात राहायचं ठरवलं होतं तीही निघतात. मुलं हवीत म्हणायचं आणि मुलांची शाळा बंद करायची, यात कुणाला विसंगती दिसत नाही का?

नुसत्या पैशानेही मुलं जन्मत नाहीत. दक्षिण कोरियाने वर्षानुवर्षं पाण्यासारखा पैसा ओतला. 2023 मध्ये तिथला दर 0.72 पर्यंत खाली गेला. तिथल्या मुलींनी कारणं स्वच्छ सांगितली आहेत: कामाचे तास, घराच्या किमती, शिकवण्यांचा खर्च, आणि घरी आल्यावर सगळं काम आमच्याच माथी. आपल्याकडे 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवते असं दिसलं. पुरुषांपैकी चारात जेमतेम एक जण घरकामाला हात लावतो, आणि जो लावतो तो 97 मिनिटं. पाच तास आणि दीड तास. या दोन आकड्यांमधल्या साडेतीन तासांत दुसरं मूल अडकलंय.

म्हणून माझं मागणं साधं आहे. 2001 ची अट आणि 2005 चा नियम रद्द करा, दोन्ही. पंचायतीच्या अटीने काय झालं ते गावागावांत ठाऊक आहे: सरपंचपदासाठी बायका टाकल्या गेल्या, तिसरं मूल भावाच्या नावावर लावलं गेलं, आणि अपात्र ठरली ती बहुतेकदा गरीब बाई, जिला किती मुलं हवीत हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. मात्र त्या जागी ‘तीन मुलं असतील त्यालाच तिकीट’ असलं काही आणाल, तर तो पुन्हा तोच हुकूम. ते नको. अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा आणि सेविकेला त्या तासांचा पूर्ण पगार द्या. कारखान्यांना गाळप परवाना देताना फडावर पाळणाघर आणि संडास आहे का ते बघा, नसेल तर परवाना अडवा. बाळंतरजेचा पगार सरकारने उचलावा, म्हणजे मालक मुलीला नोकरी देताना तिचं पोट बघणार नाही.

आणि बापाला रजा द्या. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापासाठी या देशात कायदाच नाही. पंधरा दिवसांनी काय होतं? बारसं होतं. तीन महिने द्या, सक्तीने द्या, बाळ दूध पिऊन उलटी करतं, रात्री दोनला रडतं, ताप आला की छातीवरून उतरत नाही, ते सगळं त्याला एकट्याने करू दे. आणि सहा वाजता मुलाला आणायला निघालेल्या तरुणाला ‘बायकोच्या ताटाखालचं मांजर’ म्हणून चारचौघांत हसणारा जो साहेब प्रत्येक ऑफिसात असतो, त्याला एचआरने दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून लेखी जाब विचारावा.